उंच हीलने पाय दुखतात, सपाट चपलेवर साडी शोभत नाही. मग घ्यावं तरी काय?

तुम्ही लिहिलंय की साडेतीन इंचांची पेन्सिल हील घातली की दोन तासांत चवडा जळायला लागतो, सपाट चप्पल घातली तर काठपदराची साडी बसकी दिसते, आणि ऑफिसलाही चालेल असं काहीतरी हवं आहे. यावर बहुतेक जण 'हील सोडून द्या' असं सांगतील. माझं मत थोडं वेगळं आहे. पाय फक्त उंचीमुळे दुखत नाही. उतार, पुढचा चिंचोळेपणा आणि डुगडुगणं या तीन गोष्टी मिळून तो दुखवतात. त्या तपासून घेतल्या तर थोडी उंचीही ठेवता येते आणि दिवसही निभावतो.

आधी उतार. हीलच्या उंचीतून चवड्याखालच्या सोलची जाडी वजा करा, जे उरेल तो उतार. तुमच्या साडेतीन इंचांच्या, म्हणजे जवळपास ९ सेंटीमीटरच्या हीलमध्ये पुढचा सोल पातळ असेल, तर ते जवळजवळ सगळे ९ सेंटीमीटर तुमच्या तळव्याला झेलावे लागतात. टाचेवरचं वजन पुढे सरकून बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर येतं. त्याच वेळी पाऊल घसरत पुढे जातं आणि बोटं टोकात कोंबली जातात. आग होते ती या दोन्हींमुळे. याउलट ६.५ सेंटीमीटर हील आणि पुढे ३ सेंटीमीटरचा प्लॅटफॉर्म असेल, तर उतार फक्त साडेतीनचा राहतो. उभं राहिल्यावर उंची चांगली दिसते, तळवा मात्र कमी वाकतो. दिवसभर उभं राहायचं असेल तर मी साडेतीन-चार सेंटीमीटरपेक्षा जास्त उतार घेऊ नका असंच सांगेन. बराच वेळ बसून असणार असाल, तर पाच चालेल. प्लॅटफॉर्म फार जाड मात्र नको. जाड, कडक सोलमधून जमिनीचा अंदाज येत नाही, आणि हॉलच्या पायऱ्यांवर किंवा लॉनच्या कडेला घोटा मुरगळतो.

डुगडुगण्याचं कारण हीलचा पाया. पेन्सिल हीलचं टोक जेमतेम एक सेंटीमीटरचं असतं, त्यामुळे प्रत्येक पावलाला घोट्याचे आणि पोटरीचे स्नायू तोल सावरत बसतात. लॉनवर ती मातीत रुततेही. ब्लॉक हील घ्या, जमिनीला टेकणारा भाग निदान अडीच-तीन सेंटीमीटर रुंद हवा. हील टाचेच्या बरोबर मध्याखाली आहे का, हेही बघा. दिसायला नाजूक वाटावं म्हणून काही सँडल्समध्ये ती अगदी मागच्या कडेला लावतात, तिथे तोल जातो. दुकानातच जोड काचेच्या काउंटरवर ठेवून बोटाने हलकेच ढकला. डोलला तर परत ठेवा. वेजमध्ये ही अडचण कमी येते, कारण सोल अखंड असतो. साडीखाली ती दिसतेही छान.

चिंचोळेपणा तपासायला घरी एक कागद लागतो. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढा आणि मोठ्या पावलाचं माप धरा. लांबी अंगठ्यापासून टाचेपर्यंत. दुसरं बोट मोठं असेल तर त्याच्या टोकापासून. रुंदी चवड्याच्या सर्वात फुगीर जागी. आता दुकानातला जोड त्या रेषेवर ठेवला आणि रेषा दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावली, तर तो पायाला कधीच सुखाचा होणार नाही. 'वापरून सैल होईल' हे दुकानदाराचं म्हणणं खऱ्या चामड्याला, तेही फक्त रुंदीत आणि काही मिलीमीटरपुरतंच लागू आहे. रेक्झिन सैल होत नाही, आणि लांबी तर कशाचीच वाढत नाही.

बंद बुटात सर्वात लांब बोटापुढे १० ते १२ मिलीमीटर जागा हवी, उघड्या सँडलमध्ये ५ पुरे. टोकदार आकार आवडत असेल तर तो बोटं संपल्यानंतर निमुळता होणारा घ्या. म्हणजे टोकाचे दीड-दोन सेंटीमीटर रिकामे राहतील. बदामी आकाराचं टोक मला यासाठी सर्वात सोयीचं वाटतं. ऑनलाइन घेताना नंबरावर विसंबू नका. यूकेच्या एका नंबरात साधारण साडेआठ मिलीमीटरचा फरक असतो, युरोपच्या एका नंबरात साडेसहा-पावणेसात मिलीमीटरचा. त्यामुळे एका तक्त्यातून दुसऱ्यात जाताना माप हुकतं. इनसोलची लांबी सेंटीमीटरमध्ये दिलेली असेल तीच बघा.

हातात घेतल्यावर आणखी दोन चाचण्या करा. टाचेमागचा कप अंगठ्याने दाबा, तो सहज चेपता कामा नये. मग जोड टोक आणि टाच धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा. मधोमध, कमानीखाली दुमडला तर आत आधाराची पट्टी नाही किंवा ती कमकुवत आहे. स्वस्त बेलींमध्ये हे फार दिसतं, आणि म्हणूनच 'बेली तर सपाट आहे, तरी पाय का दुखतो' असा प्रश्न पडतो. अगदी पातळ सोलची सपाट चप्पल हा हीलवरचा उपाय नव्हे. टाचेखाली दोन-तीन सेंटीमीटर आणि चवड्याखाली थोडा दबणारा, पण पूर्ण न चेपणारा थर हवा.

आता दिसण्याचं. पाय लांब दिसतो तो हीलमुळे जेवढा, तेवढाच बुटाच्या कापामुळे. पुढचा भाग इंग्रजी व्हीसारखा खोल कापलेला असेल आणि रंग तुमच्या त्वचेच्या जवळचा असेल, तर चार सेंटीमीटरच्या ब्लॉक हीलवरही पाय सडसडीत दिसतो. घोट्याभोवतीचा जाड पट्टा ती रेषा तोडतो. पण पाऊल पुढे घसरू न देण्याचं कामही तोच करतो, म्हणून पट्टा हवाच, फक्त बारीक घ्या. साडीत पट्टा तसाही झाकला जातो. ऑफिसला याच कापाची तीन सेंटीमीटरची हील, काळी किंवा तपकिरी, पँट आणि कुर्ता दोन्हींवर चालते. साडी नेसताना मात्र त्या दिवशीचाच जोड पायात हवा. नऊ सेंटीमीटरच्या हीलच्या अंदाजाने निऱ्या काढून मग चारची हील घातली, तर काठ जमिनीवर लोळतो आणि सगळा दोष सँडलला मिळतो. साडी बसकी दिसते ती पुष्कळदा यामुळेच.

पैठणीवर किंवा नऊवारीवर कोल्हापुरीसारखं दुसरं काही शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. खरी कोल्हापुरी वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेल्या चामड्याची असते, म्हणून नवी असताना कडक लागते. कार्याच्या दोन आठवडे आधी घ्या. पट्ट्यांना आणि अंगठ्याला आतून एरंडेल तेलाचा पातळ हात द्या, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून टाका. मग रोज घरात अर्धा तास घाला. गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ घसरतो, तेव्हा दुरुस्तीवाल्याकडून खाली पातळ रबर चिकटवून घ्या. पावसाळ्यात ती बाहेर काढू नका. भिजलं की चामडं फुगतं आणि शिवण सैल होते.

कपाटात जपून ठेवलेला जुना जोड कार्याच्या दिवशी थेट पायात घालू नका. पॉलीयुरेथेनचा सोल न वापरताही दमट हवेत हळूहळू कुजतो, मुंबई-कोकणात तर लवकरच, आणि मग चालता चालता त्याचे तुकडे पडतात. आठवडाभर आधी कडेला नख दाबून बघा. भुगा निघाला किंवा चिकट लागलं तर तो जोड संपला.

जेलच्या गाद्यांबद्दलही विचारलंय तुम्ही. आधीच घट्ट असलेल्या बुटात गादी घातली की बोटांची जागा आणखी कमी होते, म्हणून ती सैल जोडातच घाला. थेंबाच्या आकाराची उशी मिळते, ती बहुतेक जण दुखऱ्या जागेखाली चिकटवतात. तिची जागा त्याच्या जरा मागे, कमानीच्या बाजूला आहे. तिथे ती हाडांना मागून उचलून धरते आणि पुढचा भार कमी होतो.

वर्षानुवर्षं रोज उंच हील घालत असाल तर एकदम सपाटावर येऊ नका. पोटरी आणि टाचेमागची शीर आखडलेली असते, ती अचानक ताणली की टाच दुखू लागते. दोन-तीन आठवडे पाच-सहा सेंटीमीटर, मग साडेतीन, असं उतरा. रोज भिंतीला हात टेकून, मागचा पाय सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून, ३० सेकंद पोटरी ताणा, प्रत्येक पायाला तीनदा. बोटांत बधिरपणा किंवा तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये विजेसारखी कळ येत असेल, किंवा सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाच आठवड्यांमागून आठवडे दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मधुमेह असेल तर साधा फोडही अंगावर काढू नका.

घरातल्या उंच हील्स कापून घ्यायचा विचार असेल तर एक सेंटीमीटरपर्यंतच कापा. बुटाची कमान त्याच उताराला धरून घडवलेली असते. जास्त कापलं की टोक वर उचललं जातं, हील तिरकी टेकते आणि जोड आधीपेक्षा जास्त डुगडुगतो.