कोळशाची राख आणि शेतातली माती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : औष्णिक वीजकेंद्राची चिमणी शेतापासून चार किलोमीटरवर आहे. पानांवर बसणारी करडी राख तर मातीसारखीच दिसते. तिच्यात धातू येतात कुठून?

कोळशातूनच. कोळशात आर्सेनिक, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा हे सगळे अगदी थोड्या प्रमाणात असतात. भट्टीत कार्बन जळतो, धातू जळत नाहीत. दहा किलो कोळशाची एक किलो राख उरली, तर वाफ होऊन न गेलेला धातू त्या किलोत जवळपास दहापट दाट होतो.

आर्सेनिक आणि सेलेनियम यांची बऱ्याच अंशी वाफ होते. धूर थंडावला की ती राखेच्या कणांवर बसते. बारीक कणाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, म्हणून त्याच्यावर धातूही जास्त. चिमणीआधीची यंत्रणा वजनाने 99 टक्क्यांहून अधिक राख अडवू शकते, पण निसटतात ते मुख्यतः हेच बारीक कण. पाऱ्याची बरीचशी वाफ मात्र हवेत महिनोन्महिने राहते आणि फार दूर जाऊन उतरते.

फक्त चिमणीकडे पाहू नका. अडवलेली राख राखबंधाऱ्यात साठते. ती सुकली की वारा उचलतो, आणि बंधाऱ्याला अस्तर नसेल तर पाणी खाली झिरपते.

प्रश्न : माती परीक्षणाचा अहवाल चांगला आला. निर्धास्त राहावे का?

नेहमीच्या माती परीक्षणात सामू (pH, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे याचे माप; सामू जितका कमी तितकी आम्लता जास्त), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश पाहतात. आर्सेनिक, शिसे, कॅडमियम त्यात नसतात. ती तपासणी वेगळी मागावी लागते.

नमुना घेताना एक गोष्ट जरूर करा. वरच्या पाच सेंटीमीटरची माती आणि अर्ध्या मीटरखालची माती वेगवेगळी द्या. धातू खडकातूनच आले असतील तर दोन्हीकडचे आकडे सहसा फारसे दूर नसतात. वरचा आकडा बराच मोठा असेल, तर भर बहुधा वरून पडली आहे. हवेतून, पाण्यातून किंवा खतातून. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेच्या, तशाच मातीच्या शेतातला नमुनाही सोबत द्या. जस्ताचा मुलामा दिलेले फावडे किंवा बादली वापरू नका, जस्ताचा आकडा बिघडतो.

प्रश्न : चुना टाकला की धातू निघून जातात, असे ऐकले. खरे का?

निघून जात नाहीत. कीटकनाशक काळाच्या ओघात विघटित होते, धातूचे विघटन होत नाही. चुन्याने बदलते ते एवढेच, की मुळांना तो किती सहज मिळेल.

आम्लधर्मी मातीत कॅडमियम, जस्त, निकेल सुटे होतात. चुन्याने सामू वाढला की ते मातीच्या कणांना घट्ट धरून बसतात. आर्सेनिक आणि सेलेनियम यांचे वागणे साधारण उलटे. सामू चढला की तेच जास्त मोकळे होऊ शकतात. म्हणून आधी कोणता धातू आहे ते कळू द्या, मग चुना. आंधळेपणाने टाकलेला चुना एक दार लावून दुसरे उघडतो.

भातखाचरात अशीच ओढाताण असते. पाणी साचले की लोहाची संयुगे विरघळतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटते. पाणी काढून जमीन सुकवली तर आर्सेनिक आवरते, पण कॅडमियम पिकात जास्त शिरते. दोन्ही धातू असतील तर पाण्याच्या पाळ्या तज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

प्रश्न : राख शेतात मिसळली तर जमीन सुधारते, असे सांगतात.

रेताड जमिनीत पाणी धरून ठेवायला तिची मदत होते, हे खरे. पण नत्र भट्टीतच जवळजवळ संपलेले असते, आणि ताज्या राखेतले जास्तीचे बोरॉन पीक करपवू शकते. राख कोळशागणिक बदलते. त्या खेपेचा तपासणी अहवाल हातात नसेल, तर मी माझ्या शेतात एक पाटीही टाकणार नाही. मातीत कालवलेली राख परत वेगळी काढता येत नाही.

प्रश्न : भाज्या धुतल्या की पुरे ना? घरात लहान मूल आहे.

धुण्याने पानावरची राख जाते, मुळातून आत शिरलेला धातू जात नाही. शिसे मुळाशीच अडकते, फळापर्यंत फारसे पोहोचत नाही. कॅडमियम पालेभाज्यांत सहज चढते. अहवाल येईपर्यंत त्या जागी पालेभाज्या आणि कंद टाळून फळभाज्या लावा. कंद खायचेच असतील तर साल काढूनच.

मुलाबद्दल मात्र मला ताटापेक्षा अंगणाची जास्त काळजी वाटते. रांगणारे मूल मातीचे हात तोंडात घालते, आणि शिशाची निर्धोक अशी पातळी आजवर सापडलेली नाही. उघडी माती गवताने झाका. केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, शेतातल्या चपला दाराबाहेर ठेवा, जेवणाआधी मुलाचे हात धुवा. मातीचा अहवाल वाईट आला, तर मुलाच्या रक्तातील शिसे तपासण्याबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला.