सोन्याचं वय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शनिवार पेठेतला आमचा वाडा पाडायला दिला. आवराआवरीत आजीच्या पत्र्याच्या डब्यात लाल रेशमात गाठलेली पुतळ्यांची माळ निघाली. पुतळ्या २७, त्यातल्या दोन जाड. सोबत सराफाची पावती आहे, तिच्यावर १८५२ साल आहे. म्हणजे माळ पेशवेकालीन ना? फोटो जोडले आहेत.

उत्तर : पेशवाई १८१८ला संपली, त्यामुळे १८५२ धरलं तरी हिशेब जुळत नाही. पण माझ्याकडे पेशवेकालीन दागिने इतके येतात, की ते अजूनही कुठेतरी घडताहेत अशी शंका येते.

पावतीचा फोटो मोठा करून बघा. आकड्याच्या आधी पुसट 'शके' आहे. त्यात ७८ मिळवा, १९३० आलं. खाली लिहिलंय : 'पुतळ्या नग २५, वजन तोळे २ मासे ७ गुंजा ४'. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा, म्हणजे साधारण साडेतीस ग्रॅम. पातळ पुतळ्या कधी गाठून घेतल्यात तर तेवढ्या तोलून पाहा. तेवढंच भरलं तर पावती त्यांचीच.

उरल्या दोन जाड. एका बाजूला उभा संत, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला माणूस, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. मागे लंबगोलात चांदण्या आणि मधे ख्रिस्त. हे व्हेनिसचं डुकॅट नावाचं नाणं. सोनं जवळजवळ शुद्ध, वजन साडेतीन ग्रॅम. व्यापारातून ही नाणी आपल्याकडे आली, बायकांनी ती गळ्यात घातली आणि त्यावरच्या आकृत्यांमुळे 'पुतळी' म्हणू लागल्या. पुढे आपल्या सोनारांनी ठसे केले. त्यांना नाण्यावरची लिपी वाचता येत नव्हती, म्हणून तुमच्या पंचवीस पुतळ्यांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आहेत.

जाड पुतळीवर मात्र गुडघे टेकलेल्या माणसाच्या पाठीमागे नाव स्पष्ट वाचता येतं : मानिन. हा व्हेनिसचा शेवटचा डोज, म्हणजे तिथला निवडून आलेला प्रमुख. १७८९ ते १७९७. त्या वर्षी नेपोलियनपुढे ते राज्यच बुडालं. म्हणजे नाणं सवाई माधवराव-दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचं निघालं! घरच्यांना सांगा, पण पुरतं सांगा : नाणं जुनं, माळ १९३०ची किंवा त्यानंतरची. दागिन्यातला सगळ्यात नवा भाग बघायचा आणि तेच दागिन्याचं वय धरायचं. कड्यांचा डाख, म्हणजे सोनाराने केलेला सांधाही तपासून घ्या, त्या मागाहून बदललेल्या असू शकतात.

दोरा कापू नका, उजाळा देऊ नका, आणि मोडीच्या भावाने तर मुळीच देऊ नका. तरुणपणी आमच्याच पेढीवर आलेली अशी एक माळ मी नुसती तोलली आणि मुशीत टाकली. सोनं लाल होताना एका नाण्यावरची अक्षरं क्षणभर उजळली, मी चिमटा शोधेपर्यंत वितळली. काय लिहिलं होतं ते आजही आठवून बघतो.

प्रश्न : मावळात शेततळं खोदताना सोन्याची अंगठी आणि पाच-सहा मणी मिळाले. सोनाराकडून वय काढून घेऊ का?

उत्तर : आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. काय, किती, कुठे आणि कधी मिळालं ते सगळं लिहा. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची वस्तू मिळाली की हे करावंच लागतं. कायदा १८७८चा असला तरी लागू आहे, आणि कळवलं नाही तर तुमचा हिस्सा जातो. अंगठी धुऊ नका. सोबत खापराचे तुकडे निघाले असतील तर फेकू नका. मण्यापेक्षा खापरावरून काळ लवकर कळतो. आणि जेसीबीवाल्याला दोन दिवस सुट्टी द्या.