जर्मनी, जपान की वाळूज? आधी विचार, शिकवणार कोण

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड पास झालास, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीतून वर्षभराच्या अप्रेंटिसशिपसाठी बोलावणं आलंय. तालुक्यातला एकजण म्हणतो, तीन लाख भर, जर्मनीला पाठवतो, शिकता शिकता पगार. दुसरा जपानचं सांगतोय. इंग्लंड-अमेरिकेचंही तू विचारलंयस. घरी वडील म्हणतात, जवळचं बघ. आता करू काय?

भाऊ, मी 1994 साली याच पट्ट्यात टर्नर अप्रेंटिस म्हणून लागलो. आज एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्यात, नव्या पोरांना शिकवायचं काम बघतो. मधे कंपनीनं अकरा महिने जर्मनीत ठेवलं होतं. तेवढ्या अनुभवावर सांगतो: स्टायपेंडचे आकडे समोरासमोर मांडत बसू नकोस. तुला शिकवायची जबाबदारी कुणाच्या अंगावर आहे आणि तू शिकलास का हे कोण तपासणार, एवढं प्रत्येक ठिकाणी विचार. देशादेशांतला फरक तिथंच पडतो.

जर्मनीत मी ज्या कारखान्यात होतो तिथं शिकाऊ पोरांचा वेगळा हॉल होता. सोळा-सतरा वर्षांची पोरं पहिले काही आठवडे व्हाइसवर उभी राहून लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासत होती. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, शेजारीच होतं, पण हात लावायची परवानगी नव्हती. शिकवणारा ठोकळ्याला गुण्या लावायचा, खिडकीकडं धरायचा, आणि फटीतून उजेड दिसला की काही न बोलता परत द्यायचा. आपल्या आयटीआयतही कानस हीच सुरुवात असते, ते बघून मला फार बरं वाटलं. फरक पुढं होता. दर आठवड्याला प्रत्येक पोरगं काय काम केलं ते वहीत लिहायचं आणि शिकवणारा सही करायचा. ही वही पूर्ण नसेल तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही, तसा कायदाच आहे. तो कायदा 1969 चा. आठवड्याचे तीन-चार दिवस कारखाना, एक-दोन दिवस सरकारी व्यवसाय शाळा. मशिनिस्टसारख्या ट्रेडला साडेतीन वर्षं लागतात. परीक्षा कंपनी घेत नाही, चेंबर म्हणजे तिथलं उद्योग-व्यापार मंडळ घेतं. परीक्षक मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं असतात, शिवाय व्यवसाय शाळेचा शिक्षक. आणि शिकवणाऱ्याला स्वतःलाही 'शिकवता येतं' हे सिद्ध करावं लागतं. चांगला कारागीर आहे म्हणून पोरं त्याच्या हाताखाली देत नाहीत.

आता माझं वर्ष सांगतो. पहिले आठ महिने मी डीबरिंग केलं, म्हणजे जॉबच्या कडेची बारीक धार घासून काढली, आणि खोके भरले. रजिस्टरला मात्र 'लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग' असं रोटेशन लिहिलेलं होतं, आणि खाली माझी सही. त्याचा राग आजही गेलेला नाही. जे काही शिकलो ते एका वयस्क टर्नरमुळं. जेवणाच्या सुट्टीत ते अर्धी भाकरी बाजूला ठेवून मला मशीनवर न्यायचे. मायक्रोमीटर हातात देऊन म्हणायचे, "रॅचेट तीनदा कटकट वाजलं की थांब. जोर लावलास तर माप तुझ्या हाताचं येईल, जॉबचं नाही." त्यांच्यावर ती जबाबदारी कुणी टाकलेली नव्हती. ते आले नसते तर मी आज पॅकिंगलाच असतो.

आपला कायदा वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 चा आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. कामावर इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. पण वर्षभरानंतर कंपनीनं तुला कायम करायलाच पाहिजे असं कायद्यात कुठंही नाही. 'पर्मनंट करतो' असं कुणी तोंडी म्हटलं तर त्यावर घराचे हिशोब मांडू नकोस. आपल्याकडं शिकवणारा नेमलेला नसतो, तिथं घोडं अडतं.

जपानचे दोन रस्ते वेगळे आहेत आणि एजंट ते मुद्दाम एकत्र करून सांगतात. तिथल्या मोठ्या कंपन्या एप्रिलमध्ये कॉलेजातून नवी पोरं घेतात आणि खात्याखात्यातून फिरवून आपल्यापुरती घडवतात. तो रस्ता तुझ्यासाठी नाही. तुला जे सांगितलं जातंय ती तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना, 1993 ची. भारताचा त्यासाठी 2017 मध्ये करार झाला. त्यात मालक पटला नाही तरी कंपनी बदलायची सहसा मुभा नव्हती, म्हणून इतक्या तक्रारी झाल्या की जपाननं 2024 मध्ये ती बंद करून नवी व्यवस्था आणायचा कायदा केला. जायचंच असेल तर कोणत्या व्यवस्थेखाली जातोयस ते कागदावर बघ. इंग्लंड-अमेरिकेत तुझ्या कामाचं फारसं नाही. अमेरिकेचा अप्रेंटिसशिपचा कायदा 1937 पासून आहे, इंग्लंडमध्ये 2017 पासून मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी वेगळा कर घेतात. दोन्हीकडं परदेशी पोराला आत शिरणं अवघड.

जर्मनीच्या तीन लाखांचं बोलू. आउसबिल्डुंगमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या कारखाना-शाळेच्या शिक्षणात, कंपनीच तुला भत्ता देते. 2020 साली पहिल्या वर्षाचा किमान भत्ता 515 युरो ठरला, 2025 मध्ये तो 682 झाला. चांगल्या कंपन्या जास्त देतात, पण किमान भत्त्यात तिथलं खोलीभाडं आणि जेवण भागत नाही. व्यवसाय शाळा आणि परीक्षा जर्मन भाषेत असते. बी-1, म्हणजे मधल्या पातळीची भाषा नसेल तर वर्गात बसून काहीच कळणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक हुशार पोरगा हाताचं काम उत्तम असूनही लेखी पेपरात अडकला. तेव्हा पैसे खर्च करायचेच तर भाषेच्या क्लासवर कर. तुझ्या नावाचा, कंपनीच्या सहीचा प्रशिक्षण करार हातात आल्याशिवाय एजंटाला रुपया देऊ नकोस.

माझं मत असं: वाळूजला ये, आणि हे वर्ष जर्मन पद्धतीनं काढ. रुजू व्हायच्या आधी एचआरला तीन गोष्टी नम्रपणे विचार. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार कधी नोंदवणार? माझ्यासाठी नेमलेला शिकवणारा कोण? कोणत्या महिन्यात कोणत्या मशीनवर? उत्तर गुळमुळीत आलं तर चिकलठाणा आणि शेंद्रा या शेजारच्या औद्योगिक वसाहतींतही विचारपूस कर. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूममध्येही चौकशी कर, टूल अँड डाय, म्हणजे हत्यारं आणि साचे बनवणं, शिकायला आपल्या भागात ती जागा चांगली आहे.

रुजू झालास की दोनशे पानी वही घे. रोज खोलीवर आल्यावर लिही: कोणता जॉब, कोणतं मटेरियल, स्पीड-फीड किती ठेवला, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) काय होता, रिजेक्ट झाला तर का. शनिवारी ज्याच्या हाताखाली काम केलंस त्याची सही माग. पहिल्यांदा ते नको म्हणतील, तिसऱ्या आठवड्यापासून स्वतःच विचारतील. दोन महिने एकच काम दिसलं तर ती वही घेऊन सुपरवायझरकडं जा. माझ्याकडं तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून मी आठ महिने गप्प बसलो.

कराराचा कागद मिळाला की नाव-पत्ता झाकून इथं टाक. सही करायच्या आधी एकदा ओळ न ओळ वाचून देतो.