वाचक विचारतात : ‘आत्महत्या रक्तातच असते का?’

प्रश्न : माझे सासरे आणि थोरले दीर, दोघांनीही आत्महत्या केली. नवऱ्यालाही मध्यंतरी नैराश्य आलं होतं, गोळ्या चालू आहेत. मुलगा सोळा वर्षांचा आहे. नातेवाईक म्हणतात, ‘यांच्या रक्तातच आहे.’ मुलाची जीन टेस्ट करावी का? आजोबा आणि काका हार्ट अटॅकने गेले, असंच त्याला सांगितलंय.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, टेस्टवर पैसे घालवू नका. आत्महत्येचं असं एक जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि त्यावरून एखाद्या मुलाचं भविष्य सांगता येत नाही.

पण नातेवाईकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण 30 ते 55 टक्के दिसतो. मात्र माणसामाणसांतल्या फरकाचा हा हिशेब आहे, तुमच्या मुलाला तेवढा टक्के धोका आहे असा त्याचा अर्थ नाही. भारतात 2022 मध्ये नोंदलेल्या आत्महत्यांचं प्रमाण लाखाला 12.4 होतं. घराण्यामुळे धोका तिप्पट धरला, तरी वर्षाला लाखात चाळीसच्या आतच. पिढ्यांतून उतरते ती मुख्यतः नैराश्याची, बायपोलरची (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य अशा आजाराची), व्यसनाची प्रवृत्ती आणि रागाच्या भरात काहीतरी करून बसण्याचा स्वभाव. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपचार आहेत. म्हणून आजोबांपेक्षा वडिलांच्या आजाराकडे आधी बघा. त्यांच्या गोळ्या मनाने बंद होऊ देऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना तीन पिढ्यांची यादी न्या : कोणाला काय आजार होता, कितव्या वर्षी, दारू होती का, कोणतं औषध लागू पडलं. बायपोलर असलेल्या जवळच्या नातलगाला लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध मानवलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण हा गुण कधीकधी घराण्यात चालतो. शिवाय घरात बायपोलर असेल तर मुलाला नैराश्याचं औषध देताना डॉक्टर जास्त जपून राहतात. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत हे औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहिले काही आठवडे अस्वस्थता, झोप उडणं, चिडचिड यांवर लक्ष ठेवावं लागतं. तसं दिसलं तर औषध स्वतःहून न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

मुलाला खरं सांगा, आणि लवकर सांगा. लग्नकार्यात कोणाच्या तरी तोंडून कळलं, तर तो ते एकटाच मनात घेऊन बसेल. दोन-तीन वाक्यं पुरेत : ‘आजोबा आणि काका दोघांनाही मनाचा आजार होता, उपचार मिळाले नाहीत, त्यातून त्यांनी आत्महत्या केली. बाबांना उपचार मिळाले. तुला कधी तसं वाटलं तर आम्हाला सांग.’ (उपचार झाले असतील, तर ते वाक्य बदला.) कसं केलं याचा तपशील नको. आणि ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही.

घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, एका वेळी आठवड्यापुरत्याच आणा, उरलेल्या केमिस्टला विचारून नष्ट करा. टोकाचा आवेग बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो, तेवढा वेळ हाताशी काही नसणं फार मोलाचं ठरतं.

तपासणीसाठी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. मुलाने मरणाची योजना बोलून दाखवली, तर त्याला एकटं न सोडता 112 लावा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्या.