लूप संपत नाही, तरी माउस हलतो कसा?

प्रश्न : सर, प्रॅक्टिकलला माझ्याकडून चुकून कधीच न संपणारा लूप लिहिला गेला. लॅबमधल्या त्या जुन्या मशीनला एकच कोअर आहे. तरीही माउस हलत होता, आणि दुसऱ्या टर्मिनलमधून मी तो प्रोग्रॅम मारलाही. प्रोसेसरवर माझा लूप चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम चालतच नसते ना? मग तिने त्याला अडवलं कसं?
– एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : बहुतेक मुलं पेपरात ‘ओएस लक्ष ठेवते’ असं लिहून मार्क घेऊन जातात. कसलं लक्ष! तुझं बरोबर आहे, तुझा लूप चालू असतो तेव्हा कर्नलची, म्हणजे ओएसच्या गाभ्याची, एकही ओळ चालत नसते.

त्याला बोलावतो तो टायमर, म्हणजे हार्डवेअर. बूट होतानाच कर्नल त्याला सांगून ठेवतो, की इतक्या वेळाने मला हाक मार. हाक आली की प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो आणि तुझ्या लूपला न विचारता कर्नलच्या कोडमध्ये शिरतो. हा टिक. लिनक्समध्ये पूर्वी सेकंदाला 100 टिक असत, 2.6 या आवृत्तीत 1000 झाले, आणि 2005 साली 2.6.13 पासून 250 हा मधला आकडा आला. म्हणजे दर 4 मिलिसेकंदांना एक.

टिक आला की प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, बदललीच, असं मात्र नाही. टिक आधी हिशेब करतो, याने किती वेळ खाल्ला. जास्त झाला असेल तर नुसती खूण करून ठेवतो. कर्नलमधून परत फिरताना ती खूण दिसली, की तुझ्या लूपचे रजिस्टर (प्रोसेसरमधले त्या घडीचे आकडे) जपून ठेवायचे आणि दुसऱ्याला बसवायचं.

आता माउसचं. माउस हलला की त्याचीही अशीच हाक, म्हणजे इंटरप्ट, प्रोसेसरला जाते, त्यामुळे टिकचा पुरावा म्हणून तो कच्चा आहे. पक्का पुरावा हवा तर त्याच एका कोअरच्या मशीनवर तसलेच दोन लूप एकदम चालव. दोघंही कुणाची वाट बघत नाहीत, आपणहून जागा सोडत नाहीत. तरी कोण किती प्रोसेसर खातो ते दाखवणाऱ्या ‘टॉप’ कमांडमध्ये दोघांपुढे साधारण 50-50 टक्के दिसतील.

आणि ‘प्रॉक’ डिरेक्टरीमधली ‘इंटरप्ट्स’ फाइल उघड, त्यात ‘एलओसी’ची, म्हणजे कोअरच्या टायमरच्या हाका मोजणारी, ओळ बघ. माझ्या लॅपटॉपवर लूप चालू असलेल्या कोअरचा आकडा सेकंदाला 250 च्या आसपास वाढतो. लूप मारला की रांगायला लागतो, कारण कोअर रिकामा असेल तर नवा लिनक्स टिकच थांबवतो, वीज वाचवायला. तुझ्या लॅबमध्ये 2007 च्या आधीचा लिनक्स असेल तर मात्र कोअर रिकामा असतानाही आकडा तसाच पळत राहील.