पंपाच्या लाइनवर सर्ज सप्रेसर असूनही लाइट गेली की लाइन धाडकन वाजते, पंप चालू असतानाच त्यात नायट्रोजन भरला तर चालेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 6 इंची एमएस (साध्या स्टीलची) लाइन, 1.8 किलोमीटर लांब, वरची टाकी 45 मीटर उंचावर, एनआरव्हीच्या (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व) पुढे 500 लिटरचा ब्लॅडरवाला सप्रेसर (लाइनमधला प्रेशरचा झटका झेलणारं भांडं), त्यावरचं मीटर 7 किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाखवतंय म्हणून सगळे म्हणतात गॅस बरोबर आहे, आणि तरी लाइट गेली की धाडकन. फिटर म्हणतोय पंप चालू असतानाच वरून थोडा नायट्रोजन मारू.

मारू नका. का ते सांगतो, जरा लांबेल. मी बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलीत आणि यातल्या बऱ्याच चुका स्वतः करून शिकलोय.

आधी ते 7 किलोचं मीटर बाजूला ठेवा. पंप चालू असताना त्या मीटरवरून गॅसबद्दल काहीही कळत नाही. ब्लॅडर म्हणजे रबराची पिशवी, तिच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला पाणी, मग पाण्याचं जे प्रेशर तेच गॅसचं होणार ना. आत 4 किलोने भरलेला गॅस असो, गळून 2 किलोवर आलेला असो, नाहीतर ब्लॅडर फाटून गेलेलं असो, लाइनला 7 किलो असेल तर मीटर 7च दाखवणार. आमच्याकडे लॉगबुकात वर्षभर तीच एक संख्या शिफ्टमागून शिफ्ट लिहिली जायची, सगळे खूश. ब्लॅडर केव्हा फाटलं होतं देव जाणे.

आता तुमच्या लाइनमध्ये काय होतं बघा. 6 इंची पाईप, 1.8 किलोमीटर, म्हणजे आत साधारण 32 टन पाणी आहे आणि ते सेकंदाला दीड मीटर वगैरे वेगाने धावतंय (अशा लाइनला साधारण एवढाच वेग धरतात). लाइट गेली की पंप एकदोन सेकंदात मरतो, पण हे 32 टन पुढे जातच राहतं, मागे पंपाजवळ प्रेशर पडतं, उंचवट्यावर तर इतकं पडतं की पाण्याची वाफ होऊन पोकळी तयार होते, मग पाणी थांबतं, उलटं फिरतं आणि ती पोकळी मिटवत येऊन आपटतं. तोच तो आवाज. झुकोव्हस्की नावाच्या रशियन माणसाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाईपांवर प्रयोग करून 1898 मध्ये याचं गणित मांडलं, आजही तेच वापरतात. पाण्याचा वेग एकदम थांबला तर प्रेशर किती चढेल, तर वेग गुणिले लाटेचा वेग, भागिले 9.81, उत्तर पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये (दहा मीटर पाणी म्हणजे साधारण एक किलो). स्टीलच्या पाईपात लाट सेकंदाला 1100 मीटरच्या आसपास धावते. म्हणजे तुमच्याकडे 1100 गुणिले 1.5 भागिले 9.81, जवळजवळ 168 मीटर, म्हणजे पावणेसतरा किलो, आणि हे लाइनच्या प्रेशरच्या वर. 10 किलोच्या रेटिंगची फ्लँज (पाईपचा नटबोल्टचा जोड) असेल तर विचार करा.

सप्रेसरने यात करायचं काय, तर लाइट गेल्या क्षणी आपल्या पोटातलं पाणी लाइनला द्यायचं म्हणजे ते 32 टन एकदम उपाशी पडत नाहीत, हळूहळू थांबतात, आणि परत येताना तेच पाणी पोटात घ्यायचं. म्हणजे नेहमीच्या चालण्यात त्याच्या पोटात पाणी असायलाच हवं. इथेच तुमच्या फिटरची आयडिया फसते. चालू पंपावर गॅस मारत गेलात तर गॅस पाण्याला बाहेर ढकलत राहणार, मीटर मात्र 7वरून हलणार नाही, म्हणजे किती भरला ते कळणारच नाही, आणि शेवटी ब्लॅडर खालच्या पॉपेटवर (पाण्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर) जाऊन बसेल. मग लाइट गेली की द्यायला पाणीच नाही. गॅस जास्त झालेला सप्रेसर आणि सप्रेसर नसणं यात फारसा फरक उरत नाही. उलट गॅस कमी असेल तर ब्लॅडर वर चुरगळून गोळा होतं, घड्या पडतात आणि तिथेच चिरतं.

किती भरायचा? नेमप्लेटवर किंवा सर्ज अॅनालिसिसच्या (लाइट गेल्यावर लाइनमध्ये प्रेशरचं काय होईल त्या हिशोबाच्या) रिपोर्टमध्ये जो प्रीचार्ज, म्हणजे भांड्यात पाणी नसतानाचं गॅसचं प्रेशर, लिहिलाय तोच. प्लंजर पंपाच्या (दट्ट्याने पाणी ढकलणाऱ्या पंपाच्या) धडधडीसाठी जो डॅम्पनर लावतात त्याला चालू प्रेशरच्या 60 ते 80 टक्के असा ढोबळ नियम आहे आणि लोक तोच उचलून इकडे लावतात. लाइट जाण्यासाठी बसवलेल्या भांड्याला तो लावू नका, त्याचा आकडा लाइनची लांबी, चढउतार, टाकीची उंची यावरून निघतो. रिपोर्ट सापडत नसेल तर ज्याने भांडं दिलं त्याला सिरीयल नंबर पाठवून मागवा.

आता सुरक्षेचं. आधी एक हिशोब सांगतो. समजा पंप बंद केला, सप्रेसर लाइनपासून तोडणारा आयसोलेशन व्हॉल्व बंद केला, पाणी सगळं ड्रेन केलं. फिटरच्या दृष्टीने भांडं आता रिकामं. पण आत 500 लिटर नायट्रोजन 4 किलोवर बसलेला आहे, आणि त्यात साठलेली ऊर्जा ढोबळमानाने एखादी लहान गाडी ताशी 80च्या वेगाने येतेय तेवढी आहे. अशा "रिकाम्या" भांड्याच्या वरच्या फ्लँजला पाना लावलेला माणूस मी पाहिलाय. दोन नट सैल करून झाले होते, तिसऱ्यावर पाना होता. मी ओरडलो तर म्हणतो, साहेब पाणी काढलंय की. त्याची चूक म्हणता येत नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की हे पाण्याचं भांडं दिसत असलं तरी खरं गॅसचं आहे, आणि पंप बंद केला म्हणून ते बंद होत नाही.

म्हणून चेक करायचं तर असं करा. आधी पंप बंद, आणि बंद करताना डिलिव्हरी व्हॉल्व हळूहळू आवळत आणून मग स्टॉप दाबा. पंप चालू ठेवून सप्रेसर आयसोलेट करायचा नाही, कारण त्याच दहा मिनिटांत लाइट गेली तर लाइन उघडी पडली. पॅनलला कुलूप, टॅग, चावी ज्याचा हात भांड्यावर त्याच्या खिशात. मग सप्रेसरचा आयसोलेशन व्हॉल्व बंद, ड्रेन हळू उघडा, पाणी थांबेपर्यंत थांबा आणि काम संपेपर्यंत ड्रेन उघडाच ठेवा. आता वरची टोपी काढून चार्जिंग किट (गॅस भरायची-सोडायची जोडणी, मीटरसकट) लावायचं आणि मीटर बघायचं, हा खरा प्रीचार्ज. टोपीखालची पिन दाबल्यावर गॅसऐवजी पाणी आलं तर ब्लॅडर गेलंय, पुढे काही बघायची गरज नाही. अशा वेळी भांडं उघडण्याआधी गॅसची बाजू पूर्ण शून्यावर आणायची, किटच्या ब्लीडने, सावकाश.

भरायला फक्त कोरडा नायट्रोजन. कॉम्प्रेसरची हवा नको, आणि ऑक्सिजन तर कधीच नाही, तेलाचा किंवा ग्रीसचा अंश असला तरी पेट घेतो, स्फोट होतो. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा असतो वगैरे ठीक आहे पण नुसत्या रंगावर जाऊ नका, लेबल वाचा, मी रंग उडालेले सिलिंडरही बघितलेत. भरलेल्या सिलिंडरमध्ये 140-150 बार (एक बार म्हणजे जवळपास एक किलो) असतात आणि तुमच्या भांड्याला लागतात चार, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय होज जोडायचीच नाही, माणूस कितीही जुनाजाणता असला तरी. सुरुवातीचा एखादा किलो अगदी सावकाश सोडा, घाई केली तर ब्लॅडर उलगडायच्या आत खाली सरकून पॉपेटमध्ये चिमटतं, आणि वेगाने आलेला थंड गॅस रबराला कडक करतो ते वेगळंच. भरून झालं की अर्धा तास थांबून परत बघा, तापमान बसलं की आकडा हलतो. तसंही 20 अंशाला 4 किलो भरलेलं भांडं 40 अंशाला साधारण 4.3 दाखवतं, म्हणून रजिस्टरला प्रेशरच्या शेजारी तापमान लिहा, नाहीतर मे महिन्यात कोणीतरी "गॅस वाढला" म्हणून सोडून देतो आणि डिसेंबरात "गळती आहे" म्हणून परत भरतो. साबणाचं पाणी लावून गळती बघा, टोपी लावा.

तुमचं पंपहाऊस जमिनीखाली खड्ड्यात असेल (नदीकाठची बरीच असतात) तर सोडलेला नायट्रोजन होज लावून बाहेर न्या. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला गुदमरल्याचंही कळत नाही, सरळ खाली पडतो. आणि त्याला उचलायला दुसरा धावत उतरतो.

परत चालू करताना ड्रेन बंद, आयसोलेशन व्हॉल्व थोडासाच किलकिला करून पाणी आत घ्या, आवाज थांबला की पूर्ण उघडा आणि उघड्या स्थितीत कुलूप घाला. या कुलपाचं जास्त सांगतो कारण इथे मी स्वतः मार खाल्लाय. मी ज्या कारखान्यात होतो तिथे सप्रेसरच्या खालच्या बटरफ्लाय व्हॉल्वचा हँडल येता-जाता लोकांच्या खांद्याला लागायचा म्हणून कोणीतरी काढून खिळ्याला टांगून ठेवला होता. सर्व्हिसिंग झालं, ब्लॅडर नवं, प्रीचार्ज मी स्वतः लिहिला, आणि हँडल परत खिळ्याला टांगताना व्हॉल्व उघडायचाच राहिला. हँडल नाही म्हणजे बघून कळायला मार्ग नाही. तीन महिने भांडं मस्त रंगवलेलं, मीटरवर आकडा, आणि लाइनशी संबंध शून्य. मग एका रात्री अडीच वाजता फीडर ट्रिप झाला, म्हणजे लाइट गेली, आणि हेडरच्या (पंपांच्या सामाईक पाईपच्या) फ्लँजची गास्केट फाटून पाण्याचा पंखा थेट पॅनलवर. सुदैवाने पॅनल मेलेलं होतं आणि समोर कोणी नव्हतं. सकाळी मी तो हँडल लावला, पाव फेरा फिरला, आणि माझे पाय गार पडले. तेव्हापासून उघड्या व्हॉल्वला कुलूप, आणि मीटर रोज दोनदा बघायचं, पंप चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा. तुमच्याकडे पंप बंद असताना ते साडेचारच्या आसपास यायला हवं. चालूला 7 आणि बंदलाही 7 राहत असेल तर आधी व्हॉल्व बघा.

भांड्याच्या शेलला वेल्डिंग करायचं नाही, एक छोटा क्लॅम्पसुद्धा नाही. सेफ्टी व्हॉल्व गळतोय म्हणून त्याच्या जागी प्लग मारलेला दिसला तर त्याच दिवशी काढा. नेमप्लेट नसलेलं सेकंडहँड भांडं स्वस्त मिळतंय म्हणून आणू नका. कारखाना कायदा 1948च्या कलम 31 मध्ये प्रेशर प्लँटचं यायचं (2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), सक्षम व्यक्तीकडून तपासणीचा कागद सेफ्टीवाल्यांकडे असायला हवा, मागून बघा. ब्लॅडर बदलताना मटेरियल विचारा, साध्या पाण्याला नायट्राइल किंवा ईपीडीएम दोन्ही चालतं पण पाण्यात तेल येत असेल तर ईपीडीएम फुगून खराब होतं.

सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू चालू-बंद करणारं उपकरण) लावू का असं खाली कमेंटमध्ये कोणीतरी सुचवलंय. लावा, रोजचा स्टार्ट-स्टॉप छान होईल, पण लाइट गेल्यावर सॉफ्ट स्टार्टरही गेला, तुमचा त्रास तोच राहणार.

आता राहिली एक शंका. तुमचा सप्रेसर कदाचित ठणठणीत असेल आणि आवाज एनआरव्हीचा असेल. हे खूप होतं, कारण सप्रेसर पंपाजवळ असला की लाइट गेल्यावर तो लगेच पाणी मागेही ढकलतो, साध्या झुलत्या फ्लॅपचा एनआरव्ही बंद व्हायला उशीर लावतो, तेवढ्यात पाणी उलटं फिरतं आणि फ्लॅप सीटवर आपटतो. म्हणजे चांगला सप्रेसर बसवल्यावर एनआरव्ही जास्त वाजायला लागला असं होतं आणि लोक सप्रेसरला शिव्या देतात. तिथे स्प्रिंगवाला, पटकन मिटणारा नोझल टाइप एनआरव्ही लागतो, गॅसशी खेळून काही होत नाही.

ओळखायला सोपं आहे. मोबाइल एनआरव्हीपासून सुरक्षित अंतरावर, फ्लँजच्या रेषेत नाही असा ठेवून रेकॉर्डिंग चालू करा. मुद्दाम ट्रिप मारू नका, लाइट तशीही जातेच तुमच्याकडे. मोटरचा घूं आवाज तुटला तिथून धाडपर्यंत किती सेकंद ते मोजा. तुमच्या लाइनमध्ये लाट टाकीपर्यंत जाऊन परत यायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास लागतात, त्यामुळे धाड त्याच्या बरंच आधी, सेकंद-दीड सेकंदात आली तर माझा संशय एनआरव्हीवर, आणि तीन सेकंदांनंतर आली तर सप्रेसर किंवा उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व. आधी प्रीचार्ज वर सांगितल्यासारखा बघून घ्या, आणि तो आकडा, त्या दिवशीचं तापमान आणि हे सेकंद कमेंटमध्ये टाका, मग पुढचं बघू.