फॅन्टसीमध्ये पात्रं महत्त्वाची की जग? आणि सिनेमा करताना काय बदलतं?

माझं उत्तर पात्रं, पण जग नीट उभं नसेल तर पात्रांचे निर्णयच पटत नाहीत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' घ्या. टॉल्किनच्या १९५४-५५ मध्ये आलेल्या या पुस्तकात भाषा, वंशावळी, नकाशे, गाणी इतकं सगळं आहे की ते जग आधी खरं वाटायला लागतं, आणि त्यातला योद्धा ॲरागॉर्न तिथे आपण राजाचे वारस आहोत हे मनाशी पक्कं धरूनच चालतो. पीटर जॅक्सनच्या सिनेमांत तोच माणूस गादी नको म्हणून मागे मागे राहतो, कारण पडद्यावर पात्र बदलताना दिसावं लागतं. ते मला चाललं.

फॅरामीर या सेनानीचं मात्र अजून सलतं. पुस्तकात तो म्हणतो की ती मोहात पाडणारी जादूची अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, आणि खरंच ती नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला जाऊ देतो, २००२ च्या सिनेमात मात्र फ्रोडोला धरून ओसगिलियथ शहरापर्यंत नेतो आणि मग सोडतो. अख्खं पात्रच वेगळं झालं ना!

जगाचं काम सिनेमात सेट, कपडे, मिनास तिरिथ शहराचं ते भलंमोठं मिनिएचर (प्रतिकृती) करून टाकतात, काही सेकंदांत शहर कळतं, पात्रांच्या मनातलं तसं दाखवता येत नाही म्हणून काटछाट तिथे होते. पुस्तक वाचाच राव, निदान फॅरामीरसाठी तरी.